पिसांची माशी आणि इंद्रायणीचा मासा

चाकणचं नाव मोटारींच्या कारखान्यांमुळे जगभर गेलं, असं म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दप्तरी मात्र ते कारखान्यांच्या दीडशे वर्षं आधीच लागलेलं होतं, तेही एका विचित्र नाकाच्या माशामुळे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढला आणि पुढे १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला. कुठे किती पाऊस पडतो, ज्वारीचा भाव काय, गावात उंबरे किती, हे टिपता टिपता त्याने पक्षी टिपले आणि मासेही टिपले. १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने त्याचं दख्खनच्या माशांवरचं टिपण छापलं. त्यात नुक्ता नावाच्या माशाचं ठिकाण दिलं आहे ते असं : चाकणजवळची इंद्रायणी, पुण्याच्या उत्तरेला अठरा मैल.

नुक्त्याच्या थुतरीवर आडवी खोल खाच असते. कुणी नाकावर सुरी फिरवली असावी असा चेहरा. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला हा मासा आज जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. साइक्सच्या त्याच टिपणात खुद्री नावाचाही एक मासा येतो. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळाला. हाच दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. पिंपरी-चिंचवडची पवना मुळेला मिळते, देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे ज्या दोन नद्यांच्या काठी आज पुणे जिल्ह्यातली बहुतेक कारखानदारी उभी आहे, त्यांच्याच खोऱ्यात गळाच्या जगातला एक नामवंत मासा पहिल्यांदा शास्त्राच्या कागदावर आला.

गळाच्या जगातला, असं म्हणायला कारण आहे. मासेमारी पोटासाठी होते तशी हौसेसाठीही होते, आणि त्या हौसेतही वरचे-खालचे मजले आहेत. गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावून बूच बुडायची वाट बघणारा तळमजल्यावर. आणि पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवणारा सगळ्यात वरच्या मजल्यावर. ही वर्गवारी अर्थातच वरच्या मजल्यावरच्यांनीच केलेली आहे. त्यांचा खेळ म्हणजे फ्लाय फिशिंग, आणि त्यांचे दोन लाडके मासे म्हणजे ट्राउट आणि ग्रेलिंग.

दोन्ही मासे थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्याचे. ट्राउटच्या अंगावर ठिपके असतात. ग्रेलिंगच्या पाठीवर शिडासारखा उंच पर असतो. ग्रेलिंग आपल्या देशात नाही. तो युरोपच्या आणि उत्तर आशिया-अमेरिकेच्या थंड नद्यांतला. ट्राउट मात्र इंग्रजांनी हट्टाने आणला. काश्मीरसाठी निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी १९०० साली पोचली आणि जगली. पुढे कुलू खोरं आणि निलगिरीच्या वरच्या ओढ्यांतही त्याची वस्ती झाली. महाराष्ट्रात ती होणं शक्यच नव्हतं. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की ट्राउट कासावीस होतो, आणि मावळातल्या नद्या एप्रिलमध्येच त्याच्या पलीकडे जातात. यामागचं गणित प्राणवायूचं आहे. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यामुळे सह्याद्रीतल्या माशांनी तेवढ्यावर जगायची सवय लावून घेतली आहे. महाशीर त्यातलाच, पण त्यालाही पाणी वाहतं आणि नितळच लागतं.

या खेळातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या गळात फेकायला वजन असतं ते शिशाचं किंवा आमिषाचं, आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते ती माशी पिसाएवढी हलकी. ती फेकली तर पायापाशीच पडेल. म्हणून इथे दोरीलाच वजन दिलेलं असतं. प्लॅस्टिकचा मुलामा दिलेली ती जाड दोरी लवचीक काठीने आधी पाठीमागे हवेत उलगडायची, ती पूर्ण ताणली जाण्याचा क्षण हाताला कळला पाहिजे, मग पुढे झोकायची. दोरी हवेतच सरळ होते आणि तिच्या टोकाला जोडलेला बारीक नायलॉनचा धागा माशीला पाण्यावर ठेवतो. शिकणाऱ्याची माशी पहिले बरेच दिवस मागच्या बाभळीत अडकते.

तरंगणारी माशी म्हणजे ड्राय फ्लाय. पाण्याखाली जाणारी म्हणजे निम्फ. निम्फ ही खरं तर किड्यांची बाल्यावस्था. मेफ्लाय नावाचा किडा कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, नदीच्या तळच्या दगडाखाली काढतो. मग एखाद्या संध्याकाळी वर येतो, पंख फुटतात, आणि पुढे त्याचं आयुष्य काही तासांचं किंवा फार तर दोन-चार दिवसांचं. या काळात तो काहीच खात नाही. त्याचं तोंड खाण्याच्या कामाचंच राहिलेलं नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची, मरायचं. हजारोंनी वर येणाऱ्या या किड्यांवर ट्राउट तुटून पडतो, आणि त्या वेळी पाण्यावर नेमका कोणता किडा आहे हे ओळखून तशीच माशी बांधणं, ही फ्लाय फिशिंगची खरी विद्या. आयझॅक वॉल्टनचं गळावरचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ चं. त्याला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने जो भाग जोडला, तो सगळा नितळ ओढ्यात ट्राउट आणि ग्रेलिंग कसे धरावेत यावरच होता. त्याच्याही फार पूर्वी, इसवी सन २०० च्या सुमारास, मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गुंडाळून मासे धरतात असं इलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे.

पिसांच्या या व्यापारात सह्याद्रीचाही वाटा होता. भीमाशंकरच्या जंगलात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा हा भारताच्याच जंगलांतला पक्षी. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखे चकाकणारे पिवळट-पांढरे ठिपके असतात. स्कॉटलंडच्या सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी माश्यांना हे ठिपके डोळ्यांसारखे लावायची पद्धत पडली आणि रानकोंबड्याच्या माना बोटीत भरभरून विलायतेला गेल्या. आता हा पक्षी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या पिसांची निर्यात बंद आहे. ग्रेलिंगसाठीची सगळ्यात गाजलेली माशी मात्र अगदीच गरीब घरची निघाली. विल्टशरमधल्या एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने ती पायमोजे रफू करायच्या विशिष्ट लोकरीतून बांधली. त्या लोकरीचं उत्पादन बंद पडल्यावर उरलेल्या लडींसाठी गळवाल्यांनी जे पैसे मोजले, त्यात नव्या मोज्यांचे ढीग आले असते.

भारतात आलेल्या इंग्रजांना ट्राउटची आठवण येई. मग त्यांनी पर्याय शोधले. मद्रासच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये भारतातल्या गळावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात मानाचं पान दिलं महाशीराला. उत्तरेकडच्या नद्यांतल्या बोला नावाच्या चपळ, ठिपकेदार माशाला तर त्यांनी ‘इंडियन ट्राउट’च म्हणून टाकलं. त्याचे लहानखुरे भाऊबंद सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. बोटभर लांबीचे, अंगावर पट्टे-ठिपके, पृष्ठभागावरचे किडे टिपणारे. बारीक माशी बघून तेही झेप घेतात. एवढाच मासा धरायचा तर मोठी काठी कशाला, असं गावातल्या पोरांना वाटतं आणि ते बरोबरच आहे.

महाशीराची गोष्ट वेगळी. पंज्याएवढे खवले, जाड मांसल ओठ, घशात दातांची चक्की. किडे, खेकडे, शेवाळ, लहान मासे आणि काठावरच्या झाडांवरून पाण्यात पडणारी फळं, सगळं त्याला चालतं. गळाला लागला की तो आधी प्रवाहात धूम ठोकतो. रीळ किंचाळतं आणि माणसाला काठावरून धावावं लागतं. पावसाळ्यात नदी फुगली की महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. उन्हाळ्यात नदी आटली की खोल डोहात दिवस काढतो. त्याच्या आयुष्याला या दोनच गोष्टी लागतात : चढायला मोकळी वाट आणि उतरायला खोल डोह. धरणांनी पहिली बंद केली. वाळूउपशाने दुसरी बिघडवली. जिलेटिनच्या कांड्या फोडून मासे मारणाऱ्यांनी उरलेलं काम केलं.

डोहांचं रक्षण करायची एक जुनी रीत महाराष्ट्राला ठाऊक होती. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही. ते देवमासे. महाडजवळ वाळण कोंढीतही देवीच्या नावाने राखलेल्या पाण्यात महाशीर पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि पाणी उसळतं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी यात व्यवहार आहे. पावसाळ्यात अंडी देणारे मोठे मासे एप्रिल-मे महिन्यांत नेमके अशा डोहांतच गोळा झालेले असतात. तेवढी जागा राखली की पुढच्या पावसाळ्याची पैदास राखली जाते. मात्र भाविकांनी राखलेल्या डोहात वरून काय वाहत येतं, यावर भाविकांचा ताबा नसतो. मार्च २०२४ मध्ये, तुकाराम बीज तोंडावर असताना, देहूत इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्यात हे देवमासेही होते.

याच नदीच्या उगमाकडे गेलं तर चित्र अगदी उलटं दिसतं. लोणावळ्याला वळवण धरणाखाली टाटांचं महाशीर पैदास केंद्र आहे. वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी हे तलाव टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेसाठी बांधले. पाणी घाटाखाली सोडायचं आणि खोपोली, भिवपुरी, भिऱ्याला वीज करायची. म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळलं. मुळशीच्या धरणासाठी गेलेल्या जमिनींवरून सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्याच तलावांतल्या माशांचा इतिहास फारसा कुणाला ठाऊक नाही. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी या तलावांतल्या महाशीराच्या अंड्यांचा आणि पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करून तो १९७० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. पुढे ते आणि टाटांच्या मत्स्य विभागातले एस. एन. ओगले यांनी मिळून कृत्रिम पैदाशीची पद्धत बसवली.

पद्धत ऐकायला सोपी. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी धरायची, ओल्या फडक्यात घेऊन पोटावरून हलका हात फिरवायचा; सोनेरी मण्यांसारखी अंडी ताटलीत पडतात. नराचं वीर्य त्यात मिसळायचं, मग उथळ ट्रेमध्ये अखंड वाहत्या पाण्याखाली अंडी पसरायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. रोहू-कटला एका वेळी लाखांनी अंडी देतात. महाशीर हजारांत देतो, म्हणून इथे प्रत्येक ट्रेला किंमत. आणखी एक गोष्ट कुलकर्णी-ओगले यांनी दाखवून दिली : ही अंडी पाण्याविना, ओल्या कापसात गुंडाळून दूरवर नेता येतात. वाहतुकीचा खर्च एकदम खाली आला आणि लोणावळ्याचा महाशीर देशभर जाऊ लागला. गेल्या पन्नास वर्षांत इथून लाखो पिल्लं तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. २०११ मध्ये जागतिक लाल यादीत संकटग्रस्त असलेला टॉर खुद्री पुढे ‘कमी चिंतेच्या’ वर्गात गेला आणि २०२० मध्ये टाटा पॉवरने ही बातमी अभिमानाने जाहीर केली.

अभिमान रास्त आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. देशभर गेलेली पिल्लं कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर मदार असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. १९४६ मध्ये काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंडांचा महाशीर अजून विक्रम म्हणून सांगितला जातो. कर्नाटकातल्या गळवाल्यांना आणि मत्स्य खात्याला कावेरी पुन्हा माशांनी भरायची होती, महाशीराची पिल्लं तयार मिळत होती, ती सोडली. हेतू चांगला होता, फक्त मासा दुसऱ्या नदीचा होता. निळ्या परांचा दख्खनी महाशीर कावेरीत असा फोफावला की मदारवाला मागे पडत पडत जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की होईपर्यंत २०१८ उजाडलं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या काठावरचा मासा म्हणून जाहीर झाला.

हे कळलं कसं? कुठल्याही सरकारी पाहणीतून नाही. कावेरीवर गळाच्या शिबिरांत धरलेला प्रत्येक मासा वजन करून, वहीत नोंदून परत पाण्यात सोडायची शिस्त होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन या संशोधकांनी उघडल्या. सहा हजारांवर माशांच्या नोंदी होत्या. धरलेल्या महाशीरांची संख्या वाढत होती आणि त्यातले मदारवाले कमी होत होते. नवी पिल्लं तर नव्हतीच. हौशी लोकांच्या हिशेबाच्या वह्यांनी एका माशाची मरणवार्ता दिली. शौक म्हणून लिहिलेल्या आकड्यांची एवढी कदर शास्त्रात क्वचितच होते.

लोणावळ्याच्या केंद्राला यासाठी दोष देणं अन्यायाचं होईल. त्या काळात कोणत्या नदीत कोणता मासा, हा विचार फार थोडे करत. आपल्याकडेही तेच झालंय. पुणेकर चवीने खातात ते रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेकडचे. साइक्सच्या यादीत ते नाहीत. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी केली, त्यानंतर अनेकांनी ती पुढे नेली, आणि प्रत्येक यादीत काही स्थानिक नावं गळून बाहेरची भरत गेली. तिलापिया तर आता प्रत्येक नाल्यात आहे. तरी इंद्रायणी अजून रिकामी झालेली नाही. नीलेश डहाणूकर, मंदार पैंगणकर, संजय खरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या नदीतल्या ५७ जातींच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली. ज्या नदीचा आळंदीतला फेस दर वर्षी वर्तमानपत्रांत झळकतो, तिच्यात सत्तावन्न जाती! बहुतेकांचा आसरा अर्थातच वरच्या मावळात आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणारे गळाचे शौकीन रविवारी जातात तेही वरच. पवना, मुळशी, कासारसाई, चाकणच्या बाजूला भामा आसखेड. हातात बहुतेक स्पिनिंगची काठी, मरळीसाठी रबरी बेडूक, तिलापियाला गांडूळ. फ्लायची काठी घेऊन येणारा अजून विरळा. ट्राउटची हौस असलेले सुट्टी काढून हिमाचलला, तीर्थनच्या खोऱ्यात जातात. तिथे मत्स्य खात्याचा परवाना मिळतो. इथे परवानगीचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे. राज्यातल्या बहुतेक जलाशयांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, आणि संस्थेचे सभासद पोटासाठी जाळं टाकत असतात. त्यांना विचारल्याशिवाय काठी उगारणं कायद्यालाही धरून नाही आणि रीतीलाही. महाशीर लागलाच तर गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला असावा, हात ओले करून मासा पाण्यातच धरावा आणि फोटोचा सोस आवरून सोडावा, एवढं जुने जाणते नव्यांना सांगतात.

दापोडीला पवना जिथे मुळेत शिरते किंवा मोशीला इंद्रायणीवर, तिथे कुणी काठी घेऊन जात नाही. गळवाले शहर ओलांडून वर निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर खालच्या नदीत डोकावून बघणारी नजरही गेली. हे नुकसान सहज लक्षात येत नाही. उलट काय होऊ शकतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या डर्बी शहरातलं आहे, आणि ते पिंपरी-चिंचवडच्या माणसाला फारच ओळखीचं वाटेल. डर्वेंट नदीत तीन ठिकाणांहून घाण येत होती. ब्रिटिश सेलनीज या कृत्रिम रेशीम कारखान्याचं सांडपाणी, वीजकेंद्राचं गरम पाणी आणि डर्बी नगरपालिकेचं मैलापाणी. नदीच्या एका पट्ट्यात मासेमारीचा हक्क गळवाल्यांच्या एका क्लबाकडे होता. १९४८ मध्ये जॉन ईस्टवुड या वकिलाने नद्यांसाठी लढणारी गळवाल्यांची संघटना काढली होती. तिच्या पाठबळावर क्लब कोर्टात गेला आणि तिघांनाही प्रतिवादी केलं. नगरपालिकेचा बचाव असा की मैलाशुद्धीकरण केंद्र बांधलं तेव्हा पुरेसं होतं, लोकवस्ती नंतर वाढली, त्याला आम्ही काय करणार. १९५२-५३ मध्ये अपिलापर्यंत जाऊन न्यायालयाने हा बचाव नाकारला. मनाईहुकूम दिला, सुधारणेला मुदत दिली. त्या क्लबाचे सभासद काही कुणी उमराव नव्हते, पण पाण्यातल्या माशावर त्यांचा कायदेशीर हक्क होता आणि त्यामुळे मेलेल्या माशाला वारस होता.

आपल्याकडे असा खासगी हक्क नाही आणि तो यावा असंही नाही. नदी सगळ्यांची आहे हे तत्त्व चांगलंच आहे. पण इंग्लंडच्या गळवाल्यांची आणखी एक रीत विनाखटल्याची आहे आणि तिला हक्क लागत नाही. २००७ पासून तिथले हजारो हौशी लोक महिन्यातून एकदा नदीत उतरून किडे मोजतात. प्रवाहात उभं राहायचं, जाळी पायांपासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, तीन मिनिटं टाचेने तळाचे दगड हलवायचे; सुटलेले किडे जाळीत येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस असे ठरावीक आठ गट ओळखायचे आणि त्यांना गुण द्यायचे. गुण ठरलेल्या पातळीखाली गेले की पर्यावरण खात्याला कळवायचं. पाण्याचा नमुना बाटलीत भरला तर त्या क्षणाचं पाणी कळतं. रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे निघून गेलेलं असतं. दगडाखालचा किडा मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतो आणि घाण आली की आधी तोच मरतो. मग त्या जागी येतात ते लाल रक्तकिडे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळपास संपलेल्या गाळातही ते तग धरतात.

इंद्रायणीवर हे करून बघायला फार काही लागत नाही. कामशेतच्या वर, जिथे पाणी अजून गोट्यांवरून खळाळतं, तिथले दगड उलटे केले तर चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे निम्फ चिकटलेले सापडतात. कॅडिसच्या अळ्यांनी वाळूचे कण चिकटवून बांधलेली घरंही दिसतात. तिथून तळेगाव, देहू, मोशी, आळंदी असं खाली येत प्रत्येक गावाला तेच तीन मिनिटांचं काम केलं, तर नदीचा कुठला पल्ला कुठे हातातून गेला ते ट्रेमध्येच दिसेल. बारीक जाळी, पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे, भिंग आणि घड्याळ. पुण्यात गोड्या पाण्यातले किडे ओळखणारे प्राध्यापक आहेत, मावळात गळ टाकणारे कामगार आहेत. दोघांनी एका रविवारी एकाच ठिकाणी भेटायचं, एवढंच राहिलं आहे. आणि पावसाळ्याआधीचा, पाणी गुडघाभर असतानाचा हंगाम त्यासाठी सगळ्यात सोयीचा.